पीठ जुनं, बोल मात्र सुनेला

गेल्या अंकाच्या शेवटी मी सहज एक ओळ लिहून गेले, "भाकरीचं कुणाचं काही अडत असेल तर कळवा." पस्तावले. एकतीस पत्रं आली. त्यातली अठरा भाकरीची, आणि त्या अठरांतली बहुतेक सुनांची. बाकीच्यांत चटण्या, कोरड्यास म्हणजे भाकरीबरोबरची भाजी-आमटी, एक पाव आणि एक मांडे. जागा आहे तेवढ्यांना उत्तरं देते, राहिलेल्यांनी रागावू नका.

नव्या वाचकांना माझी ओळख एवढीच. माहेर बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, जिथं पावसाळ्यात मिठाची बरणीसुद्धा पाझरते. सासर अथणीकडं, जिथं पावसाची वाट बघण्यात निम्मा जन्म जातो. माहेरी भाकरी म्हणजे तांदळाची, सासरी जोंधळ्याची. मलप्रभा कणकुंबीला उगवते ती भाताच्या खाचरांतून निघून सौंदत्तीच्या काळ्या रानात पोचते. तिच्या काठानं चालत गेलात तर मध्ये कुठंतरी चुलीवरच्या भाकरीचं पीठ बदलतं. मी तेवढं अंतर एका दिवसात, वऱ्हाडाच्या ट्रकमधून कापलं. पुढं बेळगावात, टिळकवाडीत चोवीस वर्षं खानावळ चालवली. डिग्री तेवढीच.

"अक्का, माझं माहेर देवगडचं. लग्न होऊन चिकोडीला आले त्याला आठ महिने झाले. माझी जोंधळ्याची भाकरी थापतानाच चिरते, तव्यावर टाकताना तुटते, फुगायचं तर नावच नाही. सासूबाई तोंडानं काही बोलत नाहीत, पण शेजारच्या काकूंना हाक मारून त्यांच्याकडून भाकऱ्या करून घेतात. तवा लोखंडी आहे, गॅस मोठा करते, पाणीही गरम घेते. माझ्या हातालाच वळण नाही का?" (एक सूनबाई, चिकोडी)

बाई गं, हाताकडं मागाहून बघू. आधी पिठाचा डबा उघड. पीठ दळून किती दिवस झाले? तवा कसला, गॅस केवढा, सगळं लिहिलंस, नेमकं एवढंच राहिलं.

गव्हात ग्लूटेन असतं, म्हणून कणीक मळून दोन तास ठेवली तरी ती तुझ्यावर रुसत नाही. जोंधळ्यात ते नसतं. जोंधळ्याचं पीठ एकत्र धरून ठेवतो तो त्यातला स्टार्च, आणि तोही कढत पाणी मिळालं तरच चिकट होतो. दळून दिवस गेले की पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. मग मळून मळून मनगट दुखलं तरी ते सुटंच राहतं. वर कोंबातलं तेल खवट होतं ते वेगळंच. चिमूटभर कोरडं पीठ जिभेवर ठेवून बघ. कडसर लागलं तर ते गुरांच्या आंबोणात घाल. कडू नाही, नुसतंच जुनं असेल तर थालीपिठाला वापर. माझा हिशेब उन्हाळ्यात पंधरा दिवसांचा, थंडीत तीन आठवड्यांचा. त्यापुढं पिठावर भरवसा नाही.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर पहिला दीड महिना माझी एक भाकरी धड झाली नाही. "तांदळाच्या मुलखातली पोरगी" एवढं कारण घरातल्या सगळ्यांना पुरत होतं. पीठ होतं लग्नाआधी पाहुण्यांसाठी दळलेलं, पत्र्याच्या मोठ्या डब्यात तळाशी उरलेलं. ते संपवायचं काम माझ्याकडं. डबा संपला, नव्या शाळूचं, म्हणजे रब्बीच्या जोंधळ्याचं, दळण आलं आणि त्या दिवशी माझी पहिलीच भाकरी टम्म फुगली. सासूबाई म्हणाल्या, "शिकली बघ आता." मी गप्प बसले. पण खानावळीत दळणाची तारीख मी डब्यावर खडूनं लिहायची, ती शेवटच्या दिवसापर्यंत लिहिली.

तेव्हा दोन किलो शाळू आण. दुकानात "जोंधळा" म्हणू नकोस, शाळू म्हण, मालदांडी माग. खरिपाचा हायब्रीड जोंधळा दाण्यानं मोठा दिसतो, पण पावसात सापडलेला असला तर भाकरी काळपट आणि जाड होते. दळायला देताना दोन किलोला मूठभर उडदाची डाळ टाकलीस तर पीठ थोडं चिकट धरतं. तुझा हात बसेपर्यंत तेवढी लबाडी चालते.

आता हात. दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी पाणी लागतं, पण सगळं एकदम ओतायचं नाही. पाणी नुसतं गरम नको, आधण पाहिजे, उकळी फुटलेलं. पिठात खळगा करून निम्मं ओत, उलथण्यानं कालव, पाच मिनिटं झाकून ठेव. मग एका भाकरीपुरतं पीठ पुढं ओढायचं आणि तळहाताच्या टाचेनं परातीवर रगडायचं, लागेल तसा पाण्याचा हात लावत. किती वेळ? गोळा दाबल्यावर कडेला भेगा पडत नाहीत तोपर्यंत. चार भाकऱ्यांचं पीठ एकदम मळून ठेवलंस की तिसरी-चौथी चिरणारच. ज्या त्या भाकरीचं पीठ त्या त्या वेळी मळायचं.

आमच्या सासरी "भाकरी थाप" असं कुणी म्हणत नाही, "बडव" म्हणतात. पण बडवायची ती कडेनं. मधे आपोआप पातळ होते. नव्या बायका मधेच मारत बसतात आणि पोटाला भोक पाडतात. भोक पडलं की वाफ तिथून निसटते, मग ती कशी फुगणार? तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. लगेच पाण्याचा हात सगळीकडून फिरव, कड सोडू नकोस. ते पाणी सुकत आलं, पण पुरतं सुकलं नाही, एवढ्यात उलट. लवकर उलटलीस तर चिकटेल, उशीर केलास तर वरची कातडी तडकेल. दुसरी बाजू मात्र निवांत, चांगले डाग पडेपर्यंत भाजू दे, आणि मग पहिली बाजू थेट विस्तवावर धर. तिथं फुगते.

आणि नाहीच जमलं महिनाभर, तर वाटीला वाटी पाणी घेऊन उकड काढ आणि पोळपाटावर लाट. लाटलेल्या भाकरीला हसणाऱ्यांना म्हणावं, जेवताना कळालं का? शेजारच्या काकूंकडं मात्र एकदा जा. त्यांच्याकडचं मूठभर पीठ मागून आण आणि त्याची एक भाकरी करून बघ. सगळा निकाल तिथंच लागेल.

"तांदळाची भाकरी आमच्याकडे लगेच वातड होते. आई करायची ती संध्याकाळपर्यंत मऊ राहायची. आई आता नाही." (पुणे, माहेर जांबोटीकडचं)

जांबोटी म्हटल्यावर माझ्या नाकात ओल्या लाकडाचा धूर आला. तुमच्या आईनं उकड काढली असणार, तुम्ही बहुतेक गरम पाण्यात पीठ नुसतं भिजवताय. एक वाटी पाणी, किंचित मीठ, चमचाभर तेल; उकळी आली की एक वाटी पीठ घालून आच बारीक करा, ढवळा, झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ येऊ द्या. उतरवून दहा मिनिटं तसंच झाकून. मग हाताला सोसेल तेवढ्या गरमीतच मळायचं. गार झाल्यावर मळलेली उकड म्हणजे वातडपणाला आमंत्रण. तांदूळ वर्षभर जुना घ्या, नवा पिठाला गिचका करतो. पिठाचं आणि तांदळाचं असं उलटं आहे बघा. तांदूळ धुऊन, सावलीत सुकवून दळलात तर आणखी मऊ. झाल्यावर सुती फडक्यात गुंडाळून ठेवा, स्टीलच्या डब्यात उघडी टाकू नका. आणि सोबत सुक्या बांगड्याची चटणी, ओलं खोबरं घातलेली. ती तुम्हाला मी सांगायला नको.

"मुलगा बंगळूरला नोकरीला लागलाय. खोलीवर एक इंडक्शनची शेगडी तेवढी आहे. हॉटेलचं खाऊन पोट बिघडतंय. महिनाभर टिकेल असं काय बांधून देऊ? फ्रीज नाही." (निपाणी)

कडक भाकरी द्या, आणि तीन कोरड्या चटण्या. आमच्या भागात ही काही नवी गोष्ट नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला बैलगाडीनं जायचे तेव्हा अशाच भाकऱ्यांची चळत फडक्यात बांधलेली असायची.

कडक भाकरी म्हणजे शिळी भाकरी वाळवायची नव्हे. पीठ उकडीचं, भाकरी पापडाच्या जवळ जाईल इतकी पातळ. नेहमीसारखी भाजायची पण फुगू द्यायची नाही, फडक्यानं दाबत राहायचं. सगळ्या झाल्या की तवा अगदी मंद करून एकेक पुन्हा ठेवायची, दोन्ही अंगांनी, मोडताना कटकन आवाज येईपर्यंत. मग रात्रभर उभ्या करून, एकमेकींना टेकवून गार होऊ द्यायच्या. गरम असताना डब्यात घातल्या की आत घाम सुटतो आणि केलेलं सगळं वाया. कोरड्या डब्यात महिनाभर काही होत नाही. मुलाला सांगा, तशीच खायची, किंवा आमटीत चुरायची, किंवा पाण्याचा हबका मारून फडक्यात पाच मिनिटं.

चटण्यांत पहिली शेंगांची. दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर चांगले पंधरा मिनिटं भाजा, घाई केली तर वरून डाग आणि आत कच्चे. सालं निम्मी पाखडली तरी पुरे. बारा-पंधरा लसूणपाकळ्या, चमचाभर जिरं, दोन चमचे तिखट, मीठ. घरात उखळ असेल तर उखळातच. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं. कुटल्यावर ते हळूहळू सुटतं आणि चटणीचा गोळा वळतो. मिक्सर एकसारखा फिरवलात तर लगदा होईल, म्हणून थांबत थांबत, टक टक टक. महिनाभर टिकवायची असेल तर लसूण आधी तव्यावर कोरडा होईपर्यंत भाजून घ्या, कच्च्या लसणात पाणी असतं.

दुसरी जवसाची. जवस तव्यावर तडतडायला लागले की उतरवायचे. कढीपत्ता चुरचुरीत परतून घाला, सुक्या मिरच्या, मीठ. जवसाचं तेल फार लवकर खवट होतं, दाणा अख्खा असेपर्यंत बरं, कुटला की दिवस मोजायला लागा. ती पंधरा दिवसांपुरतीच करा आणि पुढची कुणाच्या तरी हाती पाठवा. निपाणीहून बंगळूरला रोज माणसं जातात की.

तिसरी कारळ्यांची. ही माझी सगळ्यांत आवडती आणि सगळ्यांत बिघडणारी. कारळे मुळात काळे, करपले तरी दिसत नाहीत. डोळ्यांनी नव्हे, नाकानं भाजायचे. खमंग वास आला की त्या क्षणी ताटात ओता, तव्यात ठेवू नका, तवा गरमच असतो. लसूण, तिखट, मीठ, बास.

खाताना वर कच्चं तेल. आमच्याकडं पूर्वी करडईचं असायचं, आता शेंगतेल. पोराला तेलाची लहान बाटली वेगळी द्या.

"ओल्या तांबड्या मिरच्यांचा रंजका केला. वरून लसूण घालून तेल ओतलं. पंधरा दिवसांत वर पांढरी बुरशी, आणि झाकण उघडताना फस्स आवाज आला. वरचा थर काढून खालचा वापरू का? एक किलो मिरची टाकवत नाही." (संकेश्वर)

टाका, ताई. सगळा टाका. बुरशी वर दिसते तेवढीच नसते, खाली तिची मुळं गेलेली असतात.

टाकवत नाही हे मला कळतं. खानावळीच्या तिसऱ्या वर्षी मी चार किलोंचा रंजका टाकलाय. बेळगावच्या रविवार पेठेतून मिरच्या आणल्या, धुतल्या, ऊन नव्हतं, पंख्याखाली तासभर पसरल्या आणि देठ काढून कुटायला घेतल्या. देठाच्या खळग्यात पाणी राहिलं होतं. आठव्या दिवशी रात्री कोठीत फट् आवाज झाला. मांजर समजून उठले तर बरणीचं झाकण उडालेलं आणि भिंतीवर तांबडे शिंतोडे. ते डाग त्या भिंतीवर चुना मारेपर्यंत होते.

तेव्हापासून नेम असा: मिरच्या देठासकट धुवायच्या, दिवसभर सुकवायच्या, मग देठ काढायचे, आणि एकेक फडक्यानं पुसायची. कंटाळा येतो, येऊ दे. एक किलोला २०० ग्रॅम मीठ, दहा-बारा लिंबांचा रस, चमचाभर भाजलेली मेथी, हिंग. मीठ आणि आंबट यांच्यावरच हा पदार्थ टिकतो, तिथं हात आखडता घेऊ नका. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं असेल तर रंजका कमी खा, रंजक्यात मीठ कमी घालू नका.

आणि लसणाचं नीट ऐका. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवायची पद्धत घराघरात आहे, ती सोडा. लसूण मातीतला, त्याच्यासोबत मातीतले जंतू येतात. तेलाखाली हवा नाही, आंबट नाही, अशा जागी बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं. त्याला वास येत नाही, चव लागत नाही. लसूण पाहिजेच असेल तर वाढताना त्या दिवसापुरता ठेचून मिसळा.

तुम्ही संकेश्वरच्या, तुम्हाला मिरचीचं मी काय सांगू! पण बाकीच्यांसाठी: वर्षाच्या तांबड्या चटणीला निम्मी संकेश्वरी, निम्मी ब्याडगी. संकेश्वरी म्हणजे गडहिंग्लजच्या बाजारात जिला जवारी म्हणतात ती, तिखटाला. ब्याडगी रंगाला. ब्याडगीतही डब्बी आणि कड्डी असे दोन प्रकार. डब्बी आखूड, सुरकुतलेली, रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य. नुसत्या ब्याडगीची चटणी दिसते झकास, पण आमटीत चार चमचे घालूनही जीभ विचारते, कधी घालणार?

"बेळगावचे मांडे घरी करता येतील का? घरच्या लग्नाला करावेसे वाटतात." (हुबळी)

नाही. चुलीवर पालथं खापर, हातावर झेलून झेलून धोतराएवढी पातळ केलेली पोळी, आत साखर. ते करणारी माणसं वेगळी, त्यांचे हात वेगळे. मी दोनदा करून बघितले. एकदा कोपरापर्यंत कणीक, एकदा कोपरापर्यंत चटका. मनात खा, नाहीतर बेळगावला येऊन विकत घ्या.

"मी बारावीला आहे. आईला न सांगता घरी पाव करायचा आहे. ओव्हन नाही, कुकर आहे. यूट्यूबवर बघून केला तो विटेसारखा झाला." (अनगोळ, बेळगाव)

बाळ, वीट का झाली ते सांगते. तू भाकरीच्या घाईनं पाव केलास. मैद्यातलं ग्लूटेन मळून मळून ताणलं की त्याच्या जाळ्यात यीस्टनं सोडलेला वायू अडकतो, तेव्हा पाव हलका होतो. त्याला मळायला दहा-बारा मिनिटं आणि नंतर नुसतं बसून राहायला वेळ लागतो. भाकरीचं पीठ थांबलं की बिघडतं, पावाचं थांबल्याशिवाय होत नाही.

अर्धा किलो मैदा, सपाट चमचाभर इन्स्टंट यीस्ट, दीड चमचा मीठ, दोन मोठे चमचे साखर, ३०० मिली कोमट दूध-पाणी. कोमट म्हणजे बोट बुडवून दहा आकडे मोजता आले पाहिजेत. कढत घेतलंस तर यीस्ट मरतं, बहुतेक तुझं तेच झालंय. गोळा चिकट वाटला तरी मैदा वाढवू नको, शेवटी दोन चमचे तेल घालून मळ. चिमटीत धरून ताणल्यावर फाटण्याआधी पडद्यासारखा पातळ झाला पाहिजे. झाकून ठेव, दुप्पट होईपर्यंत. मे महिन्यात तास, आपल्या डिसेंबरच्या थंडीत दोन तास, घड्याळाकडं नको, गोळ्याकडं बघ. मग बारा गोळे, तेल लावलेल्या डब्यात चिकटून चिकटून, पुन्हा पाऊण तास.

कुकर जुना घे. आईचा नवा घेतलास तर पाव राहील बाजूला. आत मिठाचा थर, वर ताटली, गॅस्केट आणि शिट्टी दोन्ही काढलेली. दहा मिनिटं आधी तापव, मग डबा ठेवून मध्यमपेक्षा कमी आचेवर पंचवीस-तीस मिनिटं. सुई कोरडी निघाली की झालं. वरून तांबूस होणार नाही, ते ओव्हनलाच जमतं. नंतर तव्यावर लोणी लावून पाठ भाजून घे. आणि "न सांगता" हे जमणार नाही. यीस्टचा वास घरभर पसरतो.

"मी हिला अंबाडी म्हणते, सासरचे पुंडी म्हणतात. भाजी एकच की दोन? आणि ती इतकी आंबट होते की मुलं तोंड वाकडं करतात." (गोकाक)

भाजी एकच. नावावरून भांडू नका, आंबटपणावरून भांडा. पानं एकदा उकळून ते पाणी निम्मं ओतून टाका. एका जुडीला अर्धी वाटी तूरडाळ, दोन चमचे जोंधळ्याच्या कण्या, सगळं मऊ शिजवून रवीनं घोटायचं. कण्या विसरू नका, आंबटपणा त्याच सोसतात. वरून फोडणी भरपूर लसणाची, लसूण तांबूस झाला पाहिजे. मुलांना पहिल्या दिवशी गुळाचा खडा घालून द्या. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात मात्र ही भाजी कधी शिजवू नका.

सोबत पचडी ठेवा: मेथीची कोवळी पानं चिरून, काकडी, कांदा, दाण्याचं कूट, लिंबू. मीठ पानात वाढताना. आधी घातलंत तर पाण्यात पोहणारी मेथी खावी लागेल.

"माझं वय ७१. माग चालवण्यात जन्म गेला, स्वयंपाकघरात कधी गेलो नाही. आमच्या मंडळींचं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. ती खाटेवरून सांगते आणि मी करतो, पण रोज भांडण होतं. मला दात नाहीत, कवळी आहे. मला साखर आहे म्हणून पोळी बंद करून जोंधळ्याची भाकरी खा म्हणतात. दोघांपुरतं काय सोपं करता येईल?" (वडगाव, बेळगाव)

अण्णा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा मोठ्यानं, आमच्या यांना ऐकू जाईल असं.

भांडण का होतं सांगू? वैनी "अंदाजानं घाला" म्हणत असणार. चाळीस-पन्नास वर्षांचा अंदाज त्यांच्या हातात आहे आणि हात प्लास्टरात. तुम्ही मागावरचे, तुम्हाला माप पाहिजे. तेव्हा एक वाटी ठरवा आणि सहा आठवडे तीच वापरा.

पिठलं: एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी. पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्या, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. दोन चमचे तेल, मोहरी तडतडली की जिरं, लसूण, हिरवी मिरची, हळद. मग कालवलेलं ओता, मीठ घाला आणि ढवळत राहा, थांबू नका. घट्ट झालं की झाकण ठेवून पाच मिनिटं मंद आच. कच्च्या पिठाचा वास गेला की झालं. बेसनाऐवजी हुलग्याचं पीठ घेतलंत तर थंडीत आणखी चांगलं, त्याला पाणी अर्धी वाटी जास्त.

दुसऱ्या दिवशी कढी. दोन वाट्या आंबट ताक, दीड चमचा बेसन, आलं, मिरची. उकळू द्यायची नाही, कडेनं फेस आला की बंद. ताक फुटलं तर घाबरू नका, चवीला तेच असतं. वैनींना दाखवू मात्र नका.

तिसऱ्या दिवशी कुकरला तूरडाळ लावा, निम्म्याचं साधं वरण, निम्म्यात दुसऱ्या दिवशी पालक किंवा मेथी घालून पातळ भाजी. वांगं विस्तवावर भाजलंत की भरीत, त्याला दात लागतच नाहीत.

भाकरीचं: थापायला जाऊ नका. वाटीला वाटी पाण्याची उकड, तिचे गोळे, प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून ताटलीनं दाबा. गोल होतात, पातळ होतात, तुटत नाहीत. तव्यावर पाण्याचा हात तेवढा फिरवा. कवळीला कडा त्रास देतात, म्हणून कडा काढून कढीत कुस्करा, मध्य तसाच खा.

साखरेबद्दल एक. पोळी बंद करून भाकरी धरली म्हणजे कितीही खाल्ली तरी चालते असं नाही. जोंधळ्यातही स्टार्चच आहे, पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. दोनच्या जागी तीन भाकऱ्या झाल्या तर यंत्रावरचा आकडा तुम्हाला सांगेलच. भाकरी मोजून, कोरड्यास भरपूर. आणि गोळीची वेळ जेवणाशी जुळवून डॉक्टरांना विचारून ठेवा, कारण तुमच्या स्वयंपाकाला सध्या किती वाजतील त्याचा नेम नाही.

पीठ एका वेळी अर्धा किलोच दळून आणा. गिरणीवाला एवढ्याशा दळणाला कुरकुर करील. करू दे.